आयपी देताना त्याची पतही तपासा: मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
नेटवर्क विभाग आणि ग्राहक सेवा विभाग,
मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या इंटरनेट सेवा व डेटा सेंटर कंपन्या

विषय: ग्राहकाला स्टॅटिक आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा आकडी पत्ता) देण्यापूर्वी त्याची तपासणी व सफाई करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

दादर, परळ आणि गिरगावातल्या काही लहान कार्यालयांचे मेल सर्व्हर मी सांभाळतो. एक पॅथॉलॉजी लॅब, एक सीए फर्म, एक जुनं वाचनालय आणि बऱ्याच गृहनिर्माण संस्थांचं कामकाज पाहणारं एक ऑफिस, असे माझे ग्राहक. यांच्यापैकी कुणीही जाहिरातीचे मेल पाठवत नाही. रिपोर्ट, बिलं, नोटिसा, पावत्या एवढाच त्यांचा व्यवहार. प्रत्येकाकडे तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची लीज्ड लाइन (खास ऑफिससाठीची कायम जोडणी) आहे किंवा तुमच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर आहे, आणि त्याबरोबर मिळालेला स्टॅटिक आयपी आहे. लाइनबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती पावसाळ्यातही चालते, आणि रात्री फायबर तुटली तर तुमची माणसं भर पावसात खांबावर चढलेली मी पाहिली आहेत. हे पत्र त्या आयपीबद्दल आहे.

तुम्ही ग्राहकाच्या हाती जो आयपी ठेवता त्याला पूर्वेतिहास असतो. तो वाईट असला की ग्राहकाचा मेल पोचत नाही, आणि तो निस्तरायचे अधिकार बहुतेक तुमच्याच हातात असतात. ग्राहक कितीही शहाण्यासारखा वागला तरी त्याच्या हाती ते येत नाहीत. एवढं एक म्हणणं मांडण्यासाठी हा खटाटोप.

हे नेमकं कुठे अडतं ते आधी सांगतो. तुमच्या नेटवर्क विभागाला ते तोंडपाठ असेल, पण विक्री विभागाला आणि फोन उचलणाऱ्या मुलामुलींना ते कुणी समजावून सांगितलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

आमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरला पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या ठरलेल्या दारावर, हाक मारतो. मेल वाचण्याआधी समोरचा सर्व्हर हाक कुठून आली ते पाहतो. समजा, आयपी आहे २०३.०.११३.२५. (हे आकडे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पट्ट्यातले, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटातले, आहेत, कुणाच्या सर्व्हरचे नाहीत.) समोरचा सर्व्हर ते उलटे करतो, २५.११३.०.२०३, त्यापुढे ब्लॅकलिस्ट (बदनाम पत्त्यांची यादी) चालवणाऱ्याचं डोमेन जोडतो आणि डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या वहीला, विचारतो. असं नाव सापडलं नाही, तर पत्ता यादीत नाही. सापडलं, तर १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर येतं आणि त्यातला शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउस या अशा याद्या चालवणाऱ्या संस्थेच्या झेन यादीचंच घ्या. शेवटी २ आला तर पत्त्याचा स्पॅमशी थेट संबंध लागलेला आहे. ४ आला तर त्या पत्त्यामागचं एखादं यंत्र बॉटच्या, म्हणजे दुरून हुकूम घेणाऱ्या घातक प्रोग्रामच्या, ताब्यात गेलेलं आहे. १० किंवा ११ आला तर हा पत्ता अशा पट्ट्यातला आहे जिथून थेट मेल यायलाच नको, म्हणजे घरगुती ब्रॉडबँडसारखा. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मग ५५० किंवा ५५४ हा नकाराचा कोड, आणि दार बंद. पाकिटात कुणाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट होता की लॉटरीचं आमिष, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

त्या १० या आकड्याकडे तुमच्या नेटवर्क विभागाने जरा नीट पाहावं. ११ म्हणजे तो पट्टा स्पॅमहाउसने आपल्या अंदाजाने नोंदवला आहे. १० म्हणजे तो पट्टा खुद्द इंटरनेट कंपनीनेच नोंदवलेला आहे: इथून मेल पाठवायला आमची परवानगी नाही, असं कंपनीने स्वतः जगाला सांगितलेलं आहे. घरगुती जोडण्यांसाठी असं सांगणं योग्यच आहे. पण त्याच पट्ट्यातला आयपी ‘बिझनेस स्टॅटिक’ म्हणून जादा पैसे घेऊन मेल सर्व्हरवाल्याला दिलेला मी पाहिला आहे. एका विभागाने बंद केलेलं दार दुसऱ्या विभागाने भाड्याने दिलं होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

ब्लॅकलिस्ट चालवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. स्पॅमहाउस १९९८ पासून हे काम करतंय आणि त्यांच्या याद्या नसत्या तर माझ्या ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये कामाचा मेल शोधावा लागला असता. माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये रात्रभर कुठून कुठून हाका येतात ते मी रोज सकाळी पाहतो, आणि त्यातल्या बहुतेक मीही याच याद्यांच्या भरवशावर परतवतो. यादीत आलेला पत्ता बहुतेक वेळा कुणाच्या तरी कर्तुतीमुळेच तिथे आलेला असतो. फक्त ती कर्तूत आजच्या ग्राहकाची नसते.

आणि हे का होतं तेही तुम्हाला माहीत आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीचे, पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था एपीनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव साठ्यावर आली. तेव्हापासून नव्या ग्राहकाला मिळणारा पत्ता जवळजवळ नेहमीच कुणीतरी सोडलेला असतो. मुंबईत जुनी जागा घेताना सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणल्याशिवाय कुणी व्यवहार पुढे नेत नाही. आयपीच्या बाबतीत असा दाखला मागायची सोयच ठेवलेली नाही.

स्पॅमवाले या टंचाईचा पुरेपूर फायदा घेतात. एकाच पत्त्यावरून लाखभर मेल सोडले तर तासाभरात पकडले जातील, म्हणून ते एकदम मोठा पट्टा थोड्या काळासाठी भाड्याने घेतात, प्रत्येक पत्त्यावरून थोडे थोडे मेल सोडतात आणि पत्ते बदनाम झाले की पट्टा परत करतात. त्यांचं भाडं वेळेवर येतं, तक्रार करायला ते कधी फोन करत नाहीत, म्हणून तुमच्या हिशोबात ते उत्तम ग्राहक दिसतात. मग तोच पट्टा कापून आठ-आठ पत्त्यांचे तुकडे लहान कार्यालयांना जातात. शिवाय शेजारही भोवतो. एका पट्ट्यातून वारंवार त्रास झाला आणि तक्रारींना उत्तरच मिळालं नाही, तर याद्या चालवणारे अख्खा २५६ पत्त्यांचा पट्टा नोंदवतात. काही याद्या तर तुमचं पूर्ण नेटवर्कच आत घालतात. यातल्या काही पैसे घेऊन नाव लवकर काढून देतात, आणि तुमच्याच एका सपोर्ट इंजिनीयरने मला ते पैसे ग्राहकाने भरावेत असं सुचवलं होतं. कृपया असं सुचवू नका. ब्लॅकलिस्ट कशा चालवाव्यात यावरच्या २०१२ सालच्या आरएफसी ६४७१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामकाजाचे क्रमांकित दस्तऐवज) स्पष्ट लिहिलं आहे की नाव काढण्यासाठी किंवा लवकर काढण्यासाठी पैसे घेऊ नयेत, आणि जे घेतात त्यांच्या याद्या वापरू नयेत अशी शिफारस आहे.

दुसरं एक कारण आमच्या बाजूचं आहे, तेही सांगायला हवं. ऑफिसला एकच स्टॅटिक आयपी असतो आणि त्याच्यामागे मेल सर्व्हरबरोबर सीसीटीव्हीचा डीव्हीआरही बसलेला असतो, पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून गोळा केले होते. डीव्हीआर बॉटच्या ताब्यात गेला की बदनामी मेल सर्व्हरच्या आयपीची होते. हे आवरणं आमचं काम आहे आणि आम्ही ते करतो: डीव्हीआर वेगळ्या नेटवर्कवर टाकतो, मेल सर्व्हर सोडून बाकी कुणालाही पोर्ट २५ वरून बाहेर जाऊ देत नाही. पण ऑफिसात मिळून दोन आयपी हवेत असं म्हटलं की दुसऱ्याची किंमत ऐकून मालक गप्प होतो, हेही खरं.

आमच्या हातात असलेलं बाकी सगळं केलेलं असतं. मेल खरंच आमच्या डोमेनकडून आला हे पटवणाऱ्या तिन्ही गोष्टी असतात: एसपीएफ लिहिलेला असतो, डीकेआयएमची सही लागलेली असते, डीमार्क जाहीर केलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले तेव्हा घाऊक मेल पाठवणाऱ्यांचीच चर्चा झाली, रोज ५,००० मेलची ती मर्यादा सगळ्यांच्या तोंडी होती. त्याच नियमांत प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी एक अट आहे: आयपीचं रिव्हर्स डीएनएस म्हणजे पीटीआर नोंद असली पाहिजे, आणि त्या नावावरून उलट विचारलं तर तोच आयपी परत यायला हवा. दिवसाला पन्नास मेल पाठवणाऱ्या वाचनालयालाही ही अट चुकत नाही.

आणि ही नोंद मला करता येत नाही. डोमेन माझ्या ग्राहकाचं, सर्व्हर माझ्या ग्राहकाचा, पण पत्त्यावरून नावाकडे जाणारा डीएनएस ज्याच्या नावावर पत्त्यांचा पट्टा आहे त्याच्याकडे असतो, म्हणजे तुमच्याकडे. भारतात हे पट्टे निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतल्या आयआरआयएनएन या पत्ते-नोंदणी संस्थेकडून तुम्हाला मिळतात आणि उलट्या डीएनएसचा ताबाही तुम्हालाच मिळतो.

आता तुमच्या तिकीट यंत्रणेत काय होतं ते पाहा. मी लिहितो: अमुक आयपीसाठी अमुक नावाची पीटीआर नोंद करावी. पहिलं उत्तर येतं: सर, आमच्या बाजूने लाइन व्यवस्थित आहे, कृपया स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा. मी स्क्रीनशॉट पाठवतो आणि पुन्हा लिहितो की वेगाचा प्रश्न नाही. दुसरं उत्तर येतं: ही नोंद आपण आपल्या डोमेनच्या पॅनेलमधून करून घ्यावी. मी लिहितो की ती तिथून होत नाही, का होत नाही तेही लिहितो, तुमच्या पट्ट्याच्या नेमसर्व्हरची नावं जोडतो. मग काही दिवस शांतता, आणि एका सकाळी मेल येतो की आपलं तिकीट समाधानकारकरीत्या बंद करण्यात आलं आहे, कृपया सेवेला गुण द्या. हे करणाऱ्या मुलामुलींना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर ‘रिव्हर्स डीएनएस’ असा पर्यायच नसतो, म्हणून ते ‘स्लो इंटरनेट’ निवडतात. तो पर्याय त्या स्क्रीनवर आणणं तुमच्या हातात आहे.

काही कंपन्या सगळ्या पट्ट्याला एकाच साच्यातली नावं देऊन मोकळ्या होतात: आयपीचेच आकडे, शेजारी ‘स्टॅटिक’ आणि कंपनीचं डोमेन. नोंद आहे, असं म्हणायला ते ठीक. पण मेल घेणारे अनेक सर्व्हर असं नाव दिसलं की ही घरगुती जोडणी असणार असं धरून चालतात. ग्राहकाचं स्वतःचं नावच तिथे हवं. रोज रोज नोंदी करण्याचा त्रास नको असेल तर लहान तुकड्याचं रिव्हर्स डीएनएस ग्राहकाकडे सोपवायची पद्धत १९९८ सालच्या आरएफसी २३१७ मध्ये सांगितलेली आहे. एकदा नोंद केली की तुमच्याकडे पुन्हा कुणी येणार नाही.

नाव काढण्याचंही तसंच. स्पॅमहाउसच्या एसबीएल यादीतून (वर २ हा आकडा आला तो हिचाच) पत्ता काढायचा तर अर्ज नेटवर्कच्या धन्याच्या अब्यूज विभागाकडून, म्हणजे गैरवापराच्या तक्रारी पाहणाऱ्यांकडून, यावा लागतो. ग्राहकाने लिहिलं तर ते ग्राहकाला तुमच्याकडे पाठवतात, आणि तुम्ही ग्राहकाला त्यांच्याकडे. मायक्रोसॉफ्टची एसएनडीएस नावाची सोय आहे, तिथे आपल्या आयपीबद्दल त्यांचं मत काय आहे ते पाहता येतं. पण तो आयपी आपला आहे हे सिद्ध करायला पुष्टीचा मेल जातो तो नोंदणीत लिहिलेल्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्या कुठल्यातरी जुन्या मेलबॉक्समध्ये. तो मेलबॉक्स कुणीतरी उघडेल या आशेवर मी बसतो. अब्यूज, पोस्टमास्टर, एनओसी (नेटवर्क नियंत्रण कक्ष) या नावांचे मेलबॉक्स प्रत्येक संस्थेने ठेवावेत हा संकेत १९९७ पासूनचा आहे. ते असतातही. वाचणारा माणूस मात्र नसतो.

सार्वजनिक यादीतून नाव निघालं की सगळं सुटलं, असंही नाही. जीमेल, आउटलुक यांच्या स्वतःच्या आतल्या नोंदी असतात आणि त्या कुठेच पाहायला मिळत नाहीत. अशा वेळी तपासणीच्या पानावर सगळं हिरवं दिसतं आणि लॅबचा रिपोर्ट स्पॅम फोल्डरमध्ये पडलेला असतो. यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे पत्ता हळूहळू वापरात आणा, रोज थोडे थोडे मेल वाढवत न्या, पत तयार होईल. हा सल्ला घाऊक पाठवणाऱ्यांसाठी आहे. दिवसाला पन्नास मेल पाठवणाऱ्याची पत तयारच होत नाही, कारण मोजायला पुरेसे मेलच नसतात. मोठा पाठवणारा वाईट पत्ताही काही आठवड्यांत आपल्या आकाराच्या जोरावर सुधारतो. लहान माणसाला जो पत्ता मिळाला त्याच्याच इतिहासावर तो वर्षानुवर्षं राहतो. म्हणून लहान ग्राहकाला स्वच्छ पत्ता देणं हे मोठ्याला देण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, आणि आज होतं त्याच्या उलट: चांगले पट्टे मोठ्या ग्राहकांना, उरलेले गाळ्यातल्या ऑफिसांना.

यात खरं नुकसान कसं होतं तेही सांगतो. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदाच्या हाती पडावी लागते. त्या ऑफिसातून दर वर्षी ऑगस्टअखेर नोटिसांचे मेल निघतात, सोबत ताळेबंद. सरळ ५५० आला असता तर बरं झालं असतं. मेल तिथल्या तिथे परत येतो, क्लार्क मॅडम कागदी नोटीस काढून शिपायाच्या हाती देतात. पण पत वाईट असलेल्या आयपीला अनेकदा ४२१ किंवा ४५१ मिळतो, म्हणजे आत्ता नको, नंतर या. पोस्टफिक्स हा सर्व्हर अशा वेळी मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि वेगळं काही सांगून ठेवलं नसेल तर पाच दिवसांनी हार मानतो. तोवर पाठवणाऱ्याला काही कळत नाही; उशीर होतोय अशी सूचनासुद्धा मुळात बंद असते. मॅडमच्या हिशोबात नोटीस गेलेली, सभासदाच्या हिशोबात आलेली नाही, आणि चौदातले पाच दिवस रांगेत संपलेले. मग सभेत कुणीतरी उभं राहून म्हणतं, मला नोटीस मिळाली नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. ज्या बाईंनी सगळं वेळेत केलं त्यांच्याकडे शंभर माणसं संशयाने पाहतात. त्या बाईंना आयपी म्हणजे काय हे माहीत असायची काही गरज नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

आधीचा ग्राहक कोण होता याची माहिती आमच्याकडे नसते, असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. ते पटत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश पाहा. लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) देणाऱ्यांनी कोणत्या ग्राहकाला कोणता आयपी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दिला, ही माहिती सेवा संपल्यानंतरही पाच वर्षं जपायची आहे. म्हणजे ही माहिती तुमच्याकडे असायलाच हवी. मला आधीच्या माणसाचं नाव नको. हा पत्ता शेवटचा कधी सुटला आणि सुटताना कुठल्या यादीत होता, एवढं सांगा.

एसएमएसच्या स्पॅमसाठी ट्रायने २०१८ मध्ये नियम केले, पाठवणाऱ्यांची नोंदणी आली, मजकुराचे साचे आले. मेलसाठी आपल्याकडे असं काही नाही, आणि खरं सांगायचं तर यावं असं मला वाटतही नाही. प्रत्येक मेल सर्व्हरला परवाना लागू लागला तर पहिले बंद पडतील ते माझे ग्राहक. म्हणूनच पत्त्यांच्या धन्याने आपलं घर नीट ठेवणं महत्त्वाचं आहे.

मागणं साधं आहे. स्टॅटिक आयपी विकताना अर्जावर एक प्रश्न वाढवा: यावरून मेल पाठवणार का? ‘हो’ म्हणणाऱ्याला पत्ता देण्याआधी तो मुख्य याद्यांत तपासा. (तपासताना तुमचा स्वतःचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला विचारणारा सर्व्हर, वापरा. सार्वजनिक डीएनएसवरून विचारलं तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ पत्ता यादीत आहे असा नाही, ही विचारणा आम्ही या मार्गाने घेत नाही एवढाच आहे. याच उत्तराला घाबरून चांगला पत्ता टाकून दिलेलाही मी पाहिला आहे.) पत्ता खराब निघाला तर तो फेकायची गरज नाही. ज्याला फक्त सीसीटीव्ही घरून पाहायचा आहे किंवा व्हीपीएन चालवायचं आहे त्याला तो द्या. त्याच्या कामात ब्लॅकलिस्टने काही फरक पडत नाही. मेलवाल्यांसाठी एक पट्टा वेगळा राखा, तो घरगुती ग्राहकांच्या पट्ट्यापासून दूर ठेवा, तो स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (वरचे १० आणि ११ हे तिचेच आकडे) तुमच्याच हाताने नोंदवलेला असेल तर काढून घ्या. नोंदणीत ग्राहकाचा तुकडा त्याच्या नावाने दाखवा, म्हणजे शेजाऱ्याचं पाप त्याच्या माथी येणार नाही.

घरगुती ब्रॉडबँडवर पोर्ट २५ बंदच ठेवा. मेल सर्व्हर चालवणारा माणूस हे म्हणतोय याचं नवल वाटून घेऊ नका. घरातल्या बिघडलेल्या राउटरला थेट मेल पाठवायचं काही कारण नाही; ज्याला खरंच हवं त्याने अर्ज करावा आणि त्याला ते एका दिवसात उघडून मिळावं. ज्याला स्वतःची पत सांभाळणं झेपणार नाही अशा लहान ग्राहकासाठी तुमचा एक नीट राखलेला रिले सर्व्हर, म्हणजे ग्राहकाचा मेल घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, असू द्या. पूर्वी बऱ्याच इंटरनेट कंपन्या तो देत. त्याचे पैसे लावा, आम्ही देऊ. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) देत असाल तर प्रत्येक ग्राहकाला वेगळा ६४ चा पट्टा (/६४ असा लिहितात तो; चौसष्ट पत्ते नव्हेत) द्या, कारण तिथे याद्या सहसा अख्खा ६४ चा पट्टाच मोजतात. दोन ग्राहक एकात कोंबले की एकाचं दुसऱ्याला भोगावं लागतं.

आणि अब्यूजचा मेलबॉक्स वाचायला माणूस नेमा. बाकीचं सगळं राहिलं तरी हे आधी करा. स्पॅमची तक्रार आल्यावर दोन दिवसांत पाठवणाऱ्याला थांबवलं तर पट्टा यादीत जायची वेळच सहसा येत नाही.

हे सगळं सांगितलं की तुमच्याकडून एक सल्ला ठरलेला असतो: कशाला डोकेफोड करता, मोठ्या कंपनीची मेल सेवा घ्या. ज्यांना सोयीचं आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, माझ्या काही ग्राहकांनी माझ्याच सांगण्यावरून घेतली आहे. पण लॅबच्या डॉक्टरांना रुग्णांचे रिपोर्ट आपल्याच कपाटात असावेत असं वाटतं, त्यात गैर काय? वाचनालयाला दर खात्यामागे दर महिन्याला पैसे भरणं परवडत नाही. आणि मेलची रचनाच अशी आहे की कुणाचाही सर्व्हर कुणाच्याही सर्व्हरला थेट मेल देऊ शकतो. १९८२ साली एसएमटीपी हा मेल देवघेवीचा नियम लिहिला गेला तेव्हापासून ते तसंच आहे. गिरगावातल्या एका वाचनालयाचा सर्व्हर जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीच्या सर्व्हरशी बरोबरीने बोलतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. ते टिकावं म्हणून मी हे काम करतो. तुमच्या निष्काळजीपणाने ते संपू नये.

तुमच्यापैकी कुणाचा नेटवर्क विभाग हे काम हाती घेणार असेल तर मी माझ्या सर्व्हरचे लॉग, कुठल्या पट्ट्याला कुठे काय उत्तर मिळतं त्याच्या नोंदी आणि पत्ते तपासायची छोटी स्क्रिप्ट घेऊन महापे, ऐरोली, चांदिवली, म्हणाल तिथे यायला तयार आहे. त्याचे पैसे नकोत. सुरुवात तुमच्याकडे आज मोकळ्या पडलेल्या पत्त्यांपासून करू. पुढचा ग्राहक त्यातलाच एखादा घेणार आहे.

कळावे,

आपला,
दादर-गिरगाव भागातले मेल सर्व्हर सांभाळणारा तुमचा एक ग्राहक